पळसाला चौथे पान: एका जुन्या वनस्पतिचित्रावरून केलेल्या क्रॉस स्टिचचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या धरमपेठेतील पाच जणी एक अर्धवट भरलेले कापड घेऊन माझ्याकडे आल्या. पाचही जणी एकाच महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या बाई मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या दिवशी त्यांना पळसाचे भरतचित्र द्यायचे, असे या पाच जणींनी आदल्या दसऱ्यालाच ठरवले होते. पळसच का, हे मला विचारावे लागले नाही. बाई दर वर्षी होळीच्या आधी विद्यार्थ्यांना रामटेक-मनसरच्या बाजूला घेऊन जात आणि पाने गळून गेलेल्या, नुसत्या केशरी फुलांनी भरलेल्या झाडाखाली उभ्या राहून शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) कुलातील फूल पाकळी-पाकळीने उलगडून दाखवत. त्यासाठी निवडलेले चित्रही विचारपूर्वक निवडलेले होते. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या ग्रंथाच्या १७९५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या खंडातील ते पळसाचे चित्र होते आणि बाई वर्गात त्याचा नेहमी उल्लेख करत असत.

माझ्यासमोर उलगडलेल्या कापडावर सुमारे सहावा हिस्सा भरून झाला होता. ग्राफ त्यांनी संगणकावरील एका प्रोग्रॅमकडून तयार करून घेतला होता. तो २२४ घरे रुंद आणि ३०८ घरे उंच होता, म्हणजे एकूण ६८,९९२ फुल्या, आणि त्यासाठी दोऱ्याच्या ७४ छटा लागणार होत्या. १४ काउंटच्या मॅटीवर, म्हणजे ज्या कापडात एका इंचात १४ घरे येतात त्यावर, हे काम १६ इंच रुंद आणि २२ इंच उंच झाले असते. चार महिन्यांत साडेअकरा हजार टाके पडले होते. त्याच वेगाने उरलेल्या कामाला आणखी वीस महिने लागले असते आणि हातात चार महिनेही नव्हते. तरीही त्या माझ्याकडे आल्या त्या वेळेच्या काळजीने आलेल्या नव्हत्या. सोपे वाटले म्हणून त्यांनी पानाच्या बाजूने भरायला सुरुवात केली होती आणि त्यांच्यापैकी एकीच्या रामटेककडच्या सासूबाईंनी ते कापड पाहून विचारले होते, “पळसाले पानं तीनच असते ना बाई, हे चौथं कोठून आणलं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ असे आपण वाटेल त्या प्रसंगी म्हणतो आणि येथे खुद्द पळसाच्याच चित्रात, तेही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला द्यायच्या भेटीत, तीन दलांच्या, म्हणजे एका देठावरच्या सुट्या पानांसारख्या भागांच्या, शेजारी फिकट तपकिरी-हिरव्या रंगाचे चौथे दल भरले गेले होते. पाचही जणींनी पदवीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकलेले असूनही ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मला याचे आश्चर्य वाटले नाही. ग्राफवरून भरताना डोळा फक्त चिन्हे मोजतो. समोर पान आहे की डाग, याचा विचार करण्याइतका अवकाश हाताला मिळत नाही. म्हणूनच तो विचार ग्राफ काढणाऱ्याने आधी केलेला असावा लागतो आणि या प्रकरणात तो कोणीच केलेला नव्हता.

मूळ चित्राकडे परत जाताना

आम्ही पहिल्या दिवशी सुईला हात लावला नाही. ज्या प्रतिमेवरून ग्राफ झाला होता ती मोठी करून पाहिली. जुन्या कागदावर दमटपणाने उमटतात तसे तपकिरी डाग त्या पानावर होते आणि त्यांपैकी एक मोठा डाग नेमका पानाच्या कडेला लागून होता. हे चौथे दल म्हणजे तोच डाग होता.

प्रोग्रॅम काय करतो, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. तो प्रतिमेवर जाळी टाकतो, प्रत्येक घरातील रंगाची सरासरी काढतो आणि त्या सरासरीच्या सर्वांत जवळची दोऱ्याची छटा त्या घराला देतो. छायाचित्राच्या बाबतीत ही रीत बऱ्यापैकी चालते. रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथातील चित्रे मात्र तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेली आणि नंतर एकेक प्रत हाताने रंगवलेली आहेत. त्यांतला उठाव काही अंशी रंगाचा आहे आणि बराचसा कोरीव रेषांचा आहे. दाट रेषा एका घरात सापडल्या की त्यांची काळी शाई आणि वरचा केशरी रंग यांची सरासरी मळकट करडी येते. म्हणून त्या ७४ छटांमध्ये पाकळ्यांसाठी करडे, गुलाबी आणि मातकट रंग आले होते, जे पळसाच्या पाकळीत कुठेच नसतात. मी यादी घेऊन मोजले तेव्हा २७ छटा तर केवळ कागदाच्या पिवळेपणासाठी होत्या. म्हणजे या पाच जणी दोनशे वर्षे जुना कागद टाक्याटाक्याने भरत होत्या आणि ६८,९९२ पैकी बहुतांश टाके त्यालाच जाणार होते.

हाताने रंगवलेल्या चित्रांची आणखी एक अडचण अशी की एकाच पत्र्यावरून छापलेल्या दोन प्रती रंगाने एकसारख्या नसतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या संग्रहांमुळे असे जुने ग्रंथ आज घरबसल्या पाहता येतात. आम्ही याच चित्राच्या दोन वेगवेगळ्या प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा एकीतले फूल लालसर आणि दुसरीतले पिवळसर दिसत होते. यात रंगवणाऱ्याचा हात किती, कागदाचे वय किती आणि कॅमेऱ्यासमोरचा उजेड किती, हे प्रतिमेवरून वेगळे काढणे शक्य नाही. जुन्या रंगांचा तर भरवसाच देता येत नाही. शिशाचा शेंदूर हवेत काळपट पडतो, हे जुन्या चित्रांची निगा राखणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा ‘मूळ चित्रातील रंग’ असे आपण सहज म्हणतो, पण हातात असतो तो एका प्रतीचा एका दिवशी टिपलेला रंग.

मात्र चित्राची रचना ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर विसंबता येते. रॉक्सबर्ग हे ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश शल्यचिकित्सक होते. १७९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाची सूत्रे हाती घेण्यापूर्वी ते आंध्र किनाऱ्यावर सामलकोट येथे काम करत होते आणि त्यांच्यासाठी भारतीय चित्रकार प्रत्यक्ष झाडांवरून चित्रे काढत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथाचे तीन खंड आणि ३०० चित्रे १८२० पर्यंत पूर्ण झाली. चित्रकारांची नावे त्या चित्रांवर नाहीत. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच यांच्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद, तर रॉबर्ट वाइट यांच्या कामात रंगय्या आणि गोविंदू ही नावे तरी आढळतात. वाइट यांनी ऑर्किडच्या एका वंशाला गोविंदूचे नावही दिले होते. पळसाचे चित्र काढणाऱ्याला असे काही मिळाले नाही, याची मला हे काम करताना सतत खंत वाटत राहिली, कारण त्याने केलेली निवड अतिशय समंजस होती. फुललेल्या पळसावर शेकडो फुले असतात. त्याने एक घोस निवडला. फुले येतात तेव्हा झाड बहुधा पर्णहीन असते, तरीही ओळख पटावी म्हणून त्याने पानही दाखवले, म्हणजे दोन ऋतू एका कागदावर आणले. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे त्याने झाड समोर ठेवून ठरवले होते. प्रोग्रॅमने त्याची निवड बाजूला सारून सगळ्या ठिपक्यांना सारखेच महत्त्व दिले होते.

तीन वाटा

पुढे काय करायचे, यासाठी तीन पर्याय होते. आहे तो ग्राफ पुढे चालवून फक्त चौथे दल उसवायचे, हा पहिला. तो वेळेमुळेच बाद झाला. दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता: प्रतिमेतील कागद आणि डाग पुसून पांढरे करायचे आणि प्रोग्रॅमला फक्त २४ छटांची मुभा द्यायची. एका संध्याकाळी मी तसे करून पाहिले. पार्श्वभूमी गेली, टाके निम्म्याहून कमी झाले, पण फुलाची चोचही गेली.

ही चोच जाणे परवडणारे नव्हते. पळसाच्या फुलात एक मोठी पताका पाकळी, दोन पंख आणि दोन पाकळ्या मिळून झालेली नौका असते; ही नौका पोपटाच्या चोचीसारखी बाकदार वळलेली असते आणि ‘हा पोपट तर नव्हे?’ या अर्थाचे ‘किंशुक’ हे संस्कृत नाव याच आकारावरून आले आहे. नौका आणि पंख यांचा रंग जवळजवळ एकच असतो. चित्रात त्यांना वेगळे करते ती केवळ कोरीव रेषा. छटा कमी केल्याबरोबर ती रेषा सरासरीत विरघळली आणि फुलाच्या जागी केशरी ढग उरला. त्याला कोणीही गुलमोहर म्हटले असते.

म्हणून तिसरा पर्याय घेतला: चित्राची रचना समोर ठेवून, पण झाडाचे भाग हातात घेऊन, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने ग्राफ नव्याने काढायचा. यात मी काही नवीन करत होते असे नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बेस ऑफ हार्डविक यांच्या घरातील भरतकाम करणाऱ्यांनी मॅटिओली यांच्या वनस्पतिग्रंथातील लाकडी ठशांच्या चित्रांवरून अष्टकोनी तुकडे भरले, ते आजही हार्डविक हॉलमध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधून चौकटीच्या कागदावर छापून हाताने रंगवलेल्या नमुन्यांचा व्यापार सुरू झाला आणि त्यातले गुलाब युरोपभर लोकरीने भरले गेले. पण मला या कामासाठी खरी वाट दिसली ती डेन्मार्कच्या गेर्डा बेंग्टसन यांच्या पद्धतीत. त्या रानफुले समोर ठेवून ग्राफ काढत आणि फुलामागचे कापड पूर्ण मोकळे सोडत. वनस्पतिचित्रकार कागद कोरा सोडतो तसेच हे आहे. पार्श्वभूमी भरायची नाही, हा निर्णय झाला आणि कामाचा डोंगर एका दिवसात टेकडीएवढा झाला.

फूल हातात घेऊन

फेब्रुवारीचा मध्य होता, त्यामुळे फुले मिळवायला फार जावे लागले नाही. हिंगण्याच्या रस्त्याकडेच्या एका झाडाखाली सकाळी गळून पडलेली ताजी फुले आम्ही रुमालात गोळा करून आणली आणि खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मांडली. सर्वांत आधी एक मोजमाप जुळले: फूल सुमारे दोन इंच लांब होते, म्हणजे १४ काउंटवर २८ घरे. ग्रंथाची पाने मोठी असल्यामुळे त्यातील फुलेही प्रत्यक्ष आकाराच्या जवळ आहेत, तेव्हा भरतचित्रातही फूल प्रत्यक्ष आकाराचे ठेवायचे ठरले. नव्या ग्राफचा आकार त्यावरून निघाला: १४० घरे रुंद, १९६ घरे उंच, म्हणजे १० इंच बाय १४ इंच. एकूण घरे २७,४४० झाली, पण त्यांतली भरायची केवळ सुमारे ६,६०० होती.

रंगांसाठी मी एक नियम घालून घेतला: लडी फुलाशेजारी ठेवून सकाळच्या नैसर्गिक उजेडातच निवडायची, ट्यूबलाइटखाली नाही. दिवसा जुळलेले दोन केशरी रात्री वेगळे दिसतात, हा अनुभव भरतकाम करणाऱ्या प्रत्येकीला आला असेल. डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीच्या ९००, ९४६, ९४७, ६०८ आणि ९७० या पाच क्रमांकांत पाकळ्या बसल्या. इतवारीत आणि बर्डीवर अँकरच्या लडी सहज मिळतात, पण दोन कंपन्यांचे क्रमांक जुळवणारे तक्ते अंदाजाचेच असतात आणि केशरीच्या बाबतीत तो अंदाज फार चुकतो. म्हणून पाकळ्या एकाच कंपनीच्या दोऱ्यात आणि हिरवे, तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवून अँकरमध्ये घेतले. लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते. दोन पदरांनी भरले तर एका लडीत माझ्या हिशेबाने सुमारे १८०० फुल्या होतात. या कामात कोणताच रंग तेवढा नव्हता, तरी मुख्य केशरीच्या दोन लडी एकदमच घेतल्या, कारण नंतर आणलेल्या लडीचा रंग किंचित वेगळा निघू शकतो.

फूल हातात घेतल्याशिवाय जी गोष्ट कळली नसती ती पाकळीच्या बाहेरच्या बाजूची होती. त्यावर बारीक रुपेरी लव असते आणि तिच्यामुळे केशरी रंगावर धुळीसारखी मंद झाक येते. छापील प्रतिमेत ती मुळीच दिसत नव्हती. येथे मिश्र पदर वापरला: सुईत एक पदर ९४७ चा आणि एक पदर फिकट ९४५ चा. पताकेच्या पाठीवर एवढा एक बदल केला आणि फुलाला जे वजन आले ते सात-आठ छटा वाढवूनही आले नसते. निदलपुंज म्हणजे फुलाच्या बुडाची ती मखमली, काळपट-हिरवी वाटी; तिच्यासाठी ३३७१ आणि ९३४ या छटा शेजारी-शेजारी ठेवल्या. सरसकट काळा वापरला असता तर वाटी कापडात भोक पडल्यासारखी दिसली असती.

चोचीसाठी पूर्ण फुल्या उपयोगाच्या नव्हत्या, कारण चौकोनी घरांच्या पायऱ्यांतून बाक निघत नाही. तेथे पाऊण टाके घातले, ज्यांत घराच्या मध्यभागी सुईने नवे छिद्र पाडावे लागते, आणि नौकेच्या कडेने एका पदराची बारीक टीप घातली. घोसात आणि पानात टिपेची रेषा मी मुद्दाम फक्त तीन ठिकाणी ठेवली: नौकेची कड, निदलपुंजाची कड आणि पानाच्या रेषा. कोरीव चित्राची आठवण राहावी म्हणून सगळीकडेच रेषा घालण्याचा आग्रह एकीने धरला होता, परंतु प्रत्येक पाकळीला टीप घातली की वनस्पतिचित्र लहान मुलांच्या रंगवायच्या चित्रासारखे दिसू लागते.

पानाचा प्रश्न वेगळा होता. झाडावर त्या वेळी पाहण्याजोगे पान नव्हते आणि पळसाचे दल सहसा दहा ते वीस सेंटिमीटर लांब असते. फूल प्रत्यक्ष आकाराचे आणि पान लहान केलेले, असे एका चित्रात चालत नाही. एकीने आपल्या कॉलेजच्या दिवसांतील हर्बेरियमची फाइल शोधून काढली. तिच्यात दाबून ठेवलेले एक लहानसे पान होते, ज्याचे मधले दल साडेचार इंच भरले, म्हणजे ६३ घरे. रंग उडून ते तांबूस झाले होते, पण आकार जसाच्या तसा होता: मधले दल टोकाकडे रुंद आणि सममित, बाजूची दोन दले तिरपी आणि एकमेकांची प्रतिबिंबे. वनस्पतिचित्रांमध्ये पानाचा काही भाग रंगवून बाकीचा नुसत्या रेषेने दाखवण्याची जुनी रीत आहे. आम्ही तीच उचलली. मधले दल चार हिरव्या छटांत पूर्ण भरले आणि बाजूची दोन फक्त टिपेच्या कडेने आणि शिरांनी दाखवली. टाके वाचले हे खरे, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते हे की आता तीन दले दुरूनही स्पष्ट मोजता येत होती.

खाली फुलाचे सुटे भाग एका ओळीत मांडले: पताका, दोन पंख, नौका, आणि नऊ जोडलेले व एक सुटा असे दहा पुंकेसर. हे भाग आम्ही फूल उलगडून, ब्लेडने सोडवून, आलेख-कागदावर ठेवून आखले. बाई वर्गात हेच करत असत, त्यामुळे ही ओळ असावी याबद्दल पाचही जणींचे एकमत होते.

नाव कोणते आणि कोणत्या लिपीत

सर्वांत लांबलेली चर्चा नावावरून झाली. ग्रंथात या झाडाचे नाव ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ आहे. त्यातील ‘ब्युटिया’ हे ब्यूटचे तिसरे अर्ल जॉन स्टुअर्ट यांच्यावरून आलेले आहे. परंतु त्याआधीच फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यांनी याच झाडाला ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’ म्हणून नोंदवले होते आणि आधीच्या नावाला अग्रक्रम देण्याच्या नियमाने टाउबर्ट यांनी १८९४ मध्ये ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे आज मान्य असलेले नाव सिद्ध केले. तिघींना ऐतिहासिक नाव हवे होते, दोघींना आजचे. माझे मत आजच्या नावाच्या बाजूने पडले, कारण आमचे काम ग्रंथाची प्रतिकृती राहिलेली नव्हती. फूल हिंगण्याचे होते आणि पान एका विद्यार्थिनीच्या फाइलीतले.

लिपीबद्दल मात्र मी आग्रह धरला. वनस्पतिचित्राखाली नागरी अक्षरे शोभत नाहीत, असे एकीचे म्हणणे होते. पण रॉक्सबर्ग यांच्याही शंभर वर्षे आधी, १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या चित्रांवर लॅटिनबरोबर मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीतही नावे कोरलेली आहेत. रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तीन कोकणी वैद्यांनी दिलेले नागरी लिपीतील प्रशस्तिपत्रही त्यात छापलेले आहे. त्याच ग्रंथात पळस ‘प्लासो’ या नावाने आला आहे आणि लामार्क यांचे नाव त्या वर्णनावरच उभे आहे. हे दाखवल्यावर वाद मिटला. वर ठळक ‘पळस’ आणि त्याखाली बारीक रोमन अक्षरांत शास्त्रीय नाव, असे ठरले. शिरोरेषा फुल्यांनी सरळ येते, ‘प’ सोपा जातो, ‘स’ बऱ्यापैकी जमतो. ‘ळ’चे दोन्ही वळसे मात्र नऊ घरांपेक्षा कमी रुंदीत नीट बसले नाहीत, आणि म्हणून साऱ्या शब्दाची मापे ‘ळ’वरून ठरवावी लागली.

पाच हात, एक कापड

नवे कापड घेताना आधीची चूक टाळली. बाजारात मिळालेल्या पहिल्या मॅटीवर पाच इंच उभे आणि पाच इंच आडवे मोजले, तेव्हा एका बाजूने इंचाला १४ घरे आणि दुसऱ्या बाजूने साडेतेरा भरली. अशा कापडावर फूल उंचीला ताणले गेले असते. शेवटी दोन्ही बाजूंनी सारखे असलेले फिकट साईच्या रंगाचे आयडा कापड मागवले आणि दर दहा घरांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने धावदोरा घालून ग्राफप्रमाणेच त्याचे रकाने पाडले, म्हणजे मोजणीची चूक झालीच तर ती दहा घरांच्या पुढे जात नाही.

जुन्या कापडाकडे बारकाईने पाहताना लक्षात आले होते की फुलीचा वरचा तिरका टाका कोणाचा उजवीकडे तर कोणाचा डावीकडे झुकत होता. अशा दोन भागांवर उजेड वेगळा पडतो आणि एकाच रंगाचे दोन रंग दिसतात. नव्या कामात दिशा ठरवून घेतली, तरीही प्रत्येकीचा हात सैल किंवा ओढून असतो तो बदलत नाही. म्हणून फुले सगळी एकीनेच भरली, पान दुसरीने, देठ आणि कळ्या तिसरीने, अक्षरे आणि सुटे भाग उरलेल्या दोघींनी. कापड आठवड्याच्या पाळीने एकीच्या घरून दुसरीच्या घरी जात असे. मार्चपासून नागपूरचे ऊन वाढत गेले. एप्रिलमध्ये दुपारी सुई घामाने अडकू लागली तेव्हा काम सकाळी दहाच्या आत आटोपायचे ठरले, आणि कूलरच्या झोतासमोर रिंग ठेवायची नाही, ही सूचना मला दोनदा करावी लागली, कारण त्या दमट हवेने कापडावर पाण्याचे पिवळे ठसे राहतात. सत्तर तासांच्या आसपास काम झाले असावे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची टीप पडली.

धुण्यापूर्वी मागच्या बाजूने ओला पांढरा रुमाल दाबून केशरी आणि तपकिरी रंग सुटतात का ते पाहिले. एका गडद छटेचा किंचित अंश उतरला, म्हणून गरम पाणी टाळून भरपूर थंड पाण्यात चटकन खळबळून काढले, पिळले नाही, टॉवेलवर पालथे ठेवून उलट बाजूने इस्त्री केली. चौकटीची काच टाक्यांना चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घातली. जुने कापड उसवावे की ठेवावे, याचा निर्णय मी त्यांच्यावर सोडला. ते ज्यांनी चौथे पान ओळखले त्या सासूबाईंच्या घरी आहे.

निरोपाच्या दिवशी बाईंनी चित्र हातात घेऊन चष्मा बदलला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. सुटा दहावा पुंकेसर त्यांनी बोटाने दाखवला. पाठीवरच्या रुपेरी लवेबद्दल विचारले. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, “दोन्ही पंख डावेच आहेत.”

त्यांचे म्हणणे खरे होते. फुलाचे दोन पंख एकमेकांची प्रतिबिंबे असतात. बाजूच्या दलांबाबत ही गोष्ट मी काळजीने पाळली होती, पण पंख आखताना एक आखून दुसऱ्या जागी तोच जसाच्या तसा उतरवला होता. चूक ग्राफची होती, म्हणजे पूर्णपणे माझी. भरणाऱ्या दोघींनी कागदावर होते तेच भरले. समारंभानंतर मी चौकट घरी आणली, मागचे खिळे काढले आणि उजव्या जागेचा पंख उसवला. ५८ फुल्या आणि कडेची टीप होती. आरशात धरून तो आकार पुन्हा आखला तेव्हा देठाकडचे टोक दोन घरे सरकवावे लागले आणि जुन्या टाक्यांची तीन छिद्रे उघडी राहिली. ती नखाने हलकेच घासून, ओलसर कापड ठेवून बंद केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात चित्र बाईंकडे परत गेले.